५ म्हणजे ‘मस्त’: स्टुडंटलाइफ आणि फोनने मोजलेला ताण

आठवड्यातले दोन दिवस मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात प्रोजेक्ट गाइड म्हणून जाते, बाकीचे दिवस अँड्रॉइडवर पोट भरते. गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाचा एक मुलगा लॅपटॉप उघडूनच समोर येऊन बसला. विषय होता मोबाईलच्या डेटावरून विद्यार्थ्यांचा मानसिक ताण ओळखणे. डेटा त्याने स्वतः गोळा केला नव्हता, स्टुडंटलाइफ नावाचा फुकट मिळणारा डेटासेट उतरवून घेतला होता. ॲक्युरसी नव्वदीच्या वर. स्लाइडवर हिरव्या रंगात.

“लेबल काय घेतलंयस? म्हणजे ओळखायचं उत्तर कोणतं?”

“स्ट्रेस लेव्हल, मॅडम. एक ते पाच. तीन आणि त्यावर म्हणजे ताण आहे, त्याखाली नाही.”

“पाच म्हणजे काय?”

“सगळ्यात जास्त.”

डेटासेटसोबत प्रश्नांच्या व्याख्यांची एक छोटी फाइल येते. ती सहसा कुणी उघडत नाही. आम्ही उघडली. प्रश्न होता, ‘आत्ता या क्षणी मी...’ आणि पर्याय या क्रमाने: १, थोडा ताण आहे. २, नक्कीच ताण आहे. ३, ताणाने पार गळून गेलोय. ४, बरं वाटतंय. ५, मस्त वाटतंय.

म्हणजे ज्याने ५ दाबलं तो मजेत होता आणि ज्याने ३ दाबलं तो सगळ्यात वाईट अवस्थेत. आमच्या पठ्ठ्याने दोघांना एकाच डब्यात कोंबलं होतं आणि ‘थोडा ताण’ व ‘नक्कीच ताण’वाल्यांना निवांत ठरवलं होतं. तरीही मॉडेल, म्हणजे डेटावरून शिकलेला त्याचा प्रोग्रॅम, नव्वदीच्या वर बरोबर येत होतं! ते कसं, त्यावर पुढे येतेच. पण हा डेटा आला कुठून, बनवला कसा, त्यातला ‘ताण’ नेमका कशाचा, हे त्याला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही अर्धवटच माहीत होतं. त्या निमित्ताने हे प्रकरण मुळापासून वाचून काढलं.

वर्गच प्रयोगशाळा

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यात हॅनोव्हर नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या डार्टमथ कॉलेजात वर्षाचे चार तुकडे असतात आणि एकेक टर्म जेमतेम दहा आठवड्यांची. आपल्याकडे सेमिस्टरचे पहिले दहा आठवडे वेळापत्रक लागण्यात, ग्रुप पडण्यात जातात. तिथे तेवढ्यात मिड-टर्म, असाइनमेंट, फायनल सगळं उरकतं. २०१३च्या वसंतातल्या टर्ममध्ये, मार्चअखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, अँड्र्यू कॅम्पबेल हे प्राध्यापक स्मार्टफोन प्रोग्रॅमिंगचा विषय शिकवत होते. विषयाचा क्रमांक सीएस ६५. या विषयात मुलं टप्प्याटप्प्याने ‘मायरन्स’ नावाचं ॲप बांधतात. आधी नुसता फॉर्म, मग डेटाबेस, मग नकाशा आणि शेवटी फोनच्या हालचालीवरून माणूस उभा आहे, चालतोय की धावतोय हे ओळखणारा भाग.

याच वर्गातल्या मुलांना विचारलं गेलं, की टर्मभर तुमच्या फोनमध्ये आमचंही एक ॲप चालू ठेवाल का? वर्गात ७५ जण होते, ६० जण तयार झाले. सात जणांनी मध्येच अभ्यासातून अंग काढलं, पाच जणांनी विषयच सोडला. उरले ४८. त्यात ३० पदवीचे आणि १८ पुढच्या शिक्षणाचे. मुलगे ३८, मुली १०.

मला या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात मजेदार वाटते. ॲक्सिलरोमीटरच्या, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या सेन्सरच्या, आकड्यांतून चालणं-धावणं कसं ओळखायचं हे जी मुलं दिवसा वर्गात शिकत होती, त्यांच्याच खिशात तेच काम करणारं दुसरं ॲप रात्रंदिवस चालू होतं. पेशंटला स्टेथोस्कोपची जुळणी शिकवावी आणि त्याच वेळी त्याची छाती तपासावी, तसं. याचा फायदा उघड आहे: ॲप बंद पडलं तर का बंद पडलं हे त्यांना कळायचं, सेटिंगमध्ये शिरायची भीती नव्हती. तोटाही तितकाच उघड आहे. ही मुलं म्हणजे ‘कॉलेजचे विद्यार्थी’ नव्हेत. ती कॉम्प्युटरची, बहुतांश मुलगे असलेली, फोनवर प्रेम करणारी मुलं होती.

संशोधनाचा भार मुख्यतः रुई वांग या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यावर होता. कॅम्पबेल यांच्यासोबत डार्टमथचेच मानसोपचार विभागातले ड्रॉर बेन-झीव्ह होते, बाहेरच्या विद्यापीठांतल्या गॅब्रिएला हरारी आणि स्टेफनी टिग्नॉर या मानसशास्त्राच्या अभ्यासक होत्या. पेपर २०१४ साली सिएटलला युबिकॉम्प या संगणकशास्त्राच्या परिषदेत आला.

खिशातला पाहुणा

ज्याने कधी बॅकग्राउंडला चालणारं ॲप लिहिलंय त्याला या अभ्यासाचं अर्धं कौतुक इथेच वाटेल. बहुतेक मुलांना नेक्सस ४ फोन दिले होते, ११ जणांनी स्वतःचाच अँड्रॉइड वापरला. २१०० एमएएचची बॅटरी, ती काढताही येत नाही. त्यावर ॲक्सिलरोमीटर, मायक्रोफोन, जीपीएस, ब्लूटूथ, वायफाय, प्रकाशाचा सेन्सर एवढं सगळं चोवीस तास चालवायचं आणि तरी मुलाने संध्याकाळी कंटाळून ॲप काढून टाकता कामा नये. सलग चालवलं तर दुपारच्या जेवणापर्यंतही फोन टिकला नसता.

म्हणून फोन जागा-झोप, जागा-झोप असा चालवला. हालचाल एक मिनिट मोजायची, मग तीन मिनिटं गप्प. त्या एका मिनिटात दर दोन-तीन सेकंदांनी एक निष्कर्ष: स्थिर, चालतोय, धावतोय. मायक्रोफोनचंही तसंच, एक मिनिट कान उघडे, तीन मिनिटं बंद. पण त्या मिनिटात संभाषण सुरू असल्याचं कळलं तर ते संपेपर्यंत ऐकत राहायचं. जीपीएस आणि ब्लूटूथ दर दहा मिनिटांनी. गोळा झालेलं सगळं फोनमध्येच साठवायचं आणि फोन चार्जिंगला लागलेला असेल व वायफाय मिळत असेल तेव्हाच सर्व्हरला पाठवायचं. मोबाईलच्या धंद्यात आम्ही याला वरवरची काटकसर समजतो, पण इथे तीच मोजमापाची अचूकता ठरवते. तीन मिनिटांच्या डुलकीत दोन मिनिटांची जिना चढण्याची घाई निसटून जाते. टर्मच्या सरासरीत फरक पडत नाही, एका क्षणाच्या ताणाबद्दल बोलायचं असेल तर पडतो.

‘संभाषण’ म्हणजे काय बोलले ते नव्हे. आवाज रेकॉर्ड करून ठेवलेलाच नव्हता. फोनवरच आवाजातून मोजकी वैशिष्ट्यं काढायची, त्यावरून शांतता, आवाज की माणसाचं बोलणं एवढं ठरवायचं आणि मूळ ध्वनी टाकून द्यायचा. त्या वैशिष्ट्यांतून शब्द परत उभे करता येत नाहीत. फोननंबर आणि मेसेजही ओळखू येणार नाहीत असे सांकेतिक करून ठेवलेले. खासगीपणाचा हा विचार आधी झाला होता, नंतर ठिगळ लावलेलं नव्हतं. मात्र बोलणारा तोच मुलगा आहे की शेजारचे दोघं वाद घालताहेत, हे फोनला सांगता येत नाही. मेसमध्ये एकटा बसून जेवणारा मुलगा या हिशेबात बराच ‘गप्पिष्ट’ दिसू शकतो.

झोपेचं गणित तर खास आहे. मनगटावर पट्टा नाही, डोक्याला वायर नाही. अंदाज असा बांधायचा: खोलीत अंधार किती वेळ आहे? फोन लॉक आणि न हाताळता किती वेळ पडलाय? चार्जिंगला कधी लागला? तो हलला का? आसपास शांतता आहे का? समजा रात्री १ वाजून १० मिनिटांनी दिवा गेला, फोन चार्जरवर टेबलावर पालथा, आवाज नाही, हालचाल नाही. सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी स्क्रीन उघडली. यातला एकही पुरावा एकटा पुरेसा नाही. अंधार तर सिनेमागृहातही असतो. पण सगळे एकत्र आले की झोपेचा कालावधी साधारण अर्ध्या तासाच्या चुकीत सापडत होता. फुकटात, कुणाला काही न विचारता अर्धा तास, हे मला आजही भारी वाटतं.

मग ताण कुठे मोजला?

इथे मी पहिल्या वाचनात थबकले. वर सांगितलेल्या सेन्सरपैकी एकही ताण मोजत नाही.

ताण शरीरात मोजायचा तर त्याच्या जुन्या, खर्चिक वाटा आहेत. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आजही प्रयोगशाळांत वापरतात. माणसाला निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे उभं करायचं, पाच मिनिटं भाषण द्यायला लावायचं आणि मग १०२२ मधून १३ वजा करत करत मोठ्याने खाली यायला सांगायचं. चुकला की परत १०२२. हृदयाचे ठोके लगेच वाढतात. कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन मात्र आळशी पाहुण्यासारखं उशिरा येतं, प्रसंग संपल्यावर दहा-वीस मिनिटांनी लाळेत त्याचं शिखर सापडतं. हे हॉस्टेलवर दहा आठवडे करणं अशक्यच.

फोनवरून शरीराचा ताण पकडायचा प्रयत्न आधीही झाला होता. २०१२ साली आलेल्या ‘स्ट्रेससेन्स’मध्ये कॅम्पबेल होते. १४ जणांच्या आवाजावरून ताण ओळखायचा आणि पडताळा त्वचेच्या विद्युतवहनाशी घ्यायचा, म्हणजे तळहाताला घाम सुटला की जे बदलतं त्याच्याशी. खोलीच्या आत ८१ टक्के, बाहेर ७६ टक्के. आकडे वाईट नाहीत, पण घशाशी दाटलेल्या आवाजात रोज फोनजवळ कोण बोलणार?

स्टुडंटलाइफने वेगळी वाट घेतली. फोन दिवसातून अनेकदा टिचकी मारून विचारायचा. कधी सोळा फोटोंची चौकट समोर यायची, आत्ताच्या मनःस्थितीला जुळेल त्या फोटोला बोट लावा. कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेली ही युक्ती शब्दांत न अडकता मूड पकडते. कधी झोप कशी झाली. आणि कधी तोच पाच पर्यायांचा प्रश्न, ‘आत्ता या क्षणी मी...’. शिवाय टर्मच्या सुरुवातीला आणि शेवटी मानसशास्त्रातल्या रुळलेल्या प्रश्नावल्या भरून घेतल्या: नैराश्यासाठी पीएचक्यू-९, एकटेपणासाठी एक, एकूण मानसिक स्वास्थ्यासाठी एक, आणि ताणासाठी शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांची १९८३ची प्रश्नावली. ही शेवटची विचारते, गेल्या महिनाभरात किती वेळा तुम्हाला वाटलं की गोष्टी हाताबाहेर चालल्यात?

तर या अख्ख्या प्रकरणात ताण म्हणजे दोन गोष्टी: महिन्याचा मागे वळून घेतलेला हिशेब आणि क्षणाचं एक बोट. दोन्ही त्या मुलाने स्वतः सांगितलेल्या. फोनने मोजली ती वागणूक. झोपला किती, बोलला किती, हिंडला किती. संशोधन आहे ते या दोन गोष्टींच्या मधल्या दोरीचं, आणि ती दोरी किती जाड आहे हे तपासण्याचं. पेपर हे नीट सांगतो. सांगत नाहीत ते त्यावर उभे राहिलेले पुढचे शंभर प्रोजेक्ट. ते ‘स्मार्टफोनने ताण मोजला’ असं लिहून मोकळे होतात.

दोरी किती जाड

दहा आठवड्यांत ५३ जीबी डेटा आणि सुमारे ३२,००० उत्तरं जमा झाली. त्यातून टर्मचं एक चित्र उभं राहिलं, त्याला त्यांनी डार्टमथच्या टर्मचं जीवनचक्र म्हटलं. सुरुवातीला मुलं खुशीत, गप्पा भरपूर, झोप बरी, हिंडणं-फिरणं चालू, ताण कमी. जसजशा डेडलाइन जमू लागल्या तसतसा ताण चढत गेला आणि बाकी सगळं उतरत गेलं. झोप, बोलणं, हालचाल, सगळंच.

यात नवीन काय, असं कुणीही म्हणेल. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या जिन्यात उभं राहिलं तरी हे दिसतं. खरंय. पण दिसणं वेगळं आणि ४८ मुलांच्या दर दिवसाची त्याच मापाने झालेली नोंद हाती असणं वेगळं. माझ्या मते या अभ्यासाचं खरं देणं ही नोंद आहे, आलेख नव्हे.

आता आकडे. नैराश्याचा गुण आणि झोपेचा कालावधी यांचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक किंवा उणे एक म्हणजे पक्कं नातं) टर्मच्या शेवटी उणे ०.३८ च्या आसपास आला. ताणाच्या प्रश्नावलीशी झोपेचे आणि संभाषणाचे संबंधही साधारण त्याच पट्ट्यात, ०.३५ ते ०.४ च्या दरम्यान, उणे. कमी झोप, कमी बोलणं, जास्त ताण. दिशा पटण्यासारखी आहे. पण ०.३८ चा वर्ग करून पाहा: ०.१४ आणि थोडं. म्हणजे मुलामुलांतल्या फरकापैकी सातवा हिस्सा झोपेशी जुळतो, उरलेले सहा हिस्से कशाशी जुळतात ते या आकड्यात नाही. शिवाय वागणुकीची मोजमापं डझनावारी, प्रश्नावल्या चार-पाच, माणसं ४८. एवढ्या जोड्या तपासल्या की काही जोड्या निव्वळ नशिबानेही ‘लक्षणीय’ निघतात. पहिल्या शोधमोहिमेत हे चालतं. दुसऱ्यांदा, दुसऱ्या मुलांवर तेच निघालं की मग बोलायचं.

एक निष्कर्ष इकडे वाचून दाखवला तर टाळ्या पडतील. वर्गातली हजेरी आणि मार्क यांचा संबंध सापडला नाही. हजेरी फोनच्या जागेवरून काढलेली, कुणी कुणाच्या नावाने ‘प्रेझेंट’ ओरडायची सोय नाही. ७५ टक्क्यांच्या नियमाला वैतागलेल्या आमच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगत नाही. एका महागड्या कॉलेजातल्या मोजक्या हुशार मुलांवरून सगळ्या जगाची हजेरी माफ करता येत नाही, आणि मुळात जो वर्गात बसून फोनमध्येच होता तोही ‘हजर’ धरला गेलाय.

जे निघून गेले, जे गप्प राहिले

मी सर्वाधिक वेळ घालवला तो ६० ते ४८ या उतरणीवर. पाच जणांनी विषय सोडला. विषय मध्येच कोण सोडतं? ज्याला झेपत नाही, जो मागे पडलाय, ज्याची टर्म आधीच कोसळलीय. ताणाच्या अभ्यासातून सर्वाधिक ताणाखालची माणसं आपोआप गळण्याची ही वाट आहे. यात कुणाची लबाडी नाही, पेपरात ते उघड लिहिलेलंही आहे. पण डेटासेट उतरवणाऱ्याला ती बारा नावं दिसत नाहीत. त्याला फक्त सहभागींचे क्रमांक दिसतात, अधूनमधून एखादा गायब.

राहिलेल्यांची उत्तरंही टर्म पुढे सरकली तशी विरळ होत गेली. सेन्सर न विचारता चालत राहतात. प्रश्नाला मात्र बोट लागतं. रात्री दोन वाजता, सकाळी नऊची डेडलाइन असताना, ‘आत्ता या क्षणी मी...’ अशी खिडकी उघडली तर किती जण थांबून खरं उत्तर देतील? ज्या क्षणाचं उत्तर सगळ्यात हवं, नेमकं तेच मिळण्याची शक्यता सगळ्यात कमी. ही अडचण एकट्या स्टुडंटलाइफची नाही, माणसाला विचारून केलेल्या प्रत्येक मोजमापाच्या मागे ती लागलेली असते.

त्यावर उपाय म्हणून बक्षिसं होती. सगळ्यांना टी-शर्ट, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात जास्त डेटा देणाऱ्यांमधून पाच-पाच जणांना हालचाल मोजणारा मनगटी जॉबोन पट्टा, शेवटी दहा जणांना नेक्सस ४. माणसं टिकली यात त्याचा वाटा असणार. पण ‘जास्त नोंदी’ला बक्षीस लावलं की काही बोटं मनःस्थिती न पाहता पटापट चालतात, हे मला माझ्याच ॲपमधल्या फीडबॅकच्या खिडकीवरून माहीत आहे. लोक पहिला पर्याय दाबतात. स्टुडंटलाइफच्या प्रश्नात पहिला पर्याय ‘थोडा ताण आहे’ हा होता. हा केवळ माझा संशय, पण डेटा हाताळणाऱ्याने एकदा तरी तपासून पाहावा असा.

आणि शिक्षकाचा प्रश्न. जो विषय शिकवतो, मार्क देतो, तोच संशोधकांच्या गटातही आहे. संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता होती, सहभाग ऐच्छिक होता. तरीही सरांचा अभ्यास आहे म्हटल्यावर नाही म्हणायला जीभ किती सहज वळते? आपल्याकडे तर वळतच नाही. सर म्हणाले म्हणजे अख्ख्या वर्गाने फॉर्म भरलेला असतो.

याहून अवघड गोष्ट प्रश्नावलीच्या आत होती. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. गुणांच्या वरच्या पट्ट्यात मोजकेच विद्यार्थी होते, पण होते. सर्व्हरवर एखाद्याची झोप आक्रसतेय, बोलणं थांबतंय, खोलीबाहेर पाऊल पडत नाहीये, हे रोज जमा होत असेल तर ते कुणी, केव्हा पाहायचं? अभ्यास निरीक्षणाचा आहे, उपचाराचा नाही, हे उत्तर नियमांत बसतं. पण आज कुणी असं ॲप लिहायला बसलं तर सेन्सरचा कोड लिहिण्याआधी या ओळीचं उत्तर आणि समुपदेशकाचा फोन तयार हवा, असं माझं ठाम मत आहे.

नंतरची वर्षं

२०१५ साली याच डेटावर ‘स्मार्टजीपीए’ आला: पदवीच्या ३० विद्यार्थ्यांची एकूण ग्रेड वागणुकीवरून सांगायची, चूक ०.१७९ गुणांच्या आसपास, चारपैकी. त्याच वर्षी संतोष कुमार यांच्या मेम्फिस विद्यापीठातल्या गटाने ‘सीस्ट्रेस’मध्ये छातीच्या पट्ट्यावरून हृदयाचे ठोके आणि श्वास घेतले. प्रयोगशाळेत ताणाचे ८९ टक्के प्रसंग सापडले, खोट्या हाका अवघ्या ५ टक्के. पण माणूस आठवडाभर घरी, रस्त्यावर, कामावर असताना त्याच्या स्वतःच्या उत्तराशी ताळा घेतला तर ७२ टक्के. हा घसरगुंडीचा आकडा मी मुलांना फळ्यावर लिहून देते. इथे शरीर थेट मोजलं होतं, तरीही.

डार्टमथने मग हिंमत मोठी केली. २०१७ पासून दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना चार वर्षं फोनवरून पाहिलं. मध्येच २०२० उजाडलं, कॉलेजं बंद झाली, आणि त्या नोंदीत मुलं जास्त बसून राहिलेली, चिंता आणि नैराश्य वाढलेलं थेट दिसलं. ठरवून असा प्रयोग कुणालाच करता आला नसता.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २०२२ साली ‘ग्लोबेम’ नावाचा, चार वर्षांतल्या ४९७ जणांचा डेटासेट खुला केला आणि आधीची नैराश्य ओळखणारी मॉडेल त्यावर चालवून पाहिली. एका वर्षाच्या मुलांवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या वर्षाच्या मुलांवर फारसं चालेना. मॉडेल ताण किंवा नैराश्य शिकण्याऐवजी त्या विशिष्ट मुलांच्या सवयी पाठ करत होतं.

दरम्यान अँड्रॉइडही बदललं, आणि हे मला रोजच्या कामात टोचतं. २०१५च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आलं, फोन पडून राहिला की ॲप गाढ झोपतात. २०१७च्या अँड्रॉइड ८ ने बॅकग्राउंडच्या सर्व्हिसला लगाम घातला. २०१८च्या अँड्रॉइड ९ ने बॅकग्राउंडमधल्या ॲपचा मायक्रोफोनच बंद केला. २०१३ मध्ये रुई वांग यांनी जसं ॲप चालवलं तसं आज कुणी लिहिलं तर पहिल्याच रात्री गप्प होईल. वर काही कंपन्यांचे फोन आपल्या मर्जीने ॲप मारतात, ते वेगळंच. एका प्रोजेक्टात ‘रात्रभर वापरकर्ता निश्चल’ अशी नोंद पाहून आम्ही खूश झालो होतो, नंतर कळलं की निश्चल होतं ते आमचं ॲप. वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे निर्बंध योग्यच आहेत. चोवीस तास ऐकणारं ॲप सहज लिहिता येऊ नये. संशोधकाने नोटिफिकेशन दाखवून, परवानगी मागून, उजळ माथ्याने ऐकावं.

नव्वदी कशी आली होती

आमच्या मुलाकडे परत. त्याने सगळ्यांच्या नोंदी एकत्र कालवल्या होत्या आणि त्यातल्या ऐंशी टक्के शिकायला, वीस टक्के परीक्षेला अशा आडव्या-तिडव्या उचलल्या होत्या. म्हणजे एकाच मुलाची मंगळवारी दुपारची ३ ची नोंद शिकण्याच्या ढिगात आणि ३ वाजून १० मिनिटांची परीक्षेच्या. मॉडेलला ताण कळायची गरजच नव्हती. हा कोण ते ओळखलं की पुरे, त्याने दहा मिनिटांपूर्वी काय दाबलं होतं ते पाठच होतं. लेबल उलटंपालटं असूनही ॲक्युरसी हलली नाही ती याचमुळे. पाठांतराला अर्थाची अडचण नसते.

पर्यायांचा क्रम नीट लावला. काही मुलं पूर्णपणे बाजूला ठेवली, मॉडेलने कधीच न पाहिलेली, आणि परीक्षा फक्त त्यांच्यावर घेतली. आकडा नाणं उडवण्याच्या जरा वर येऊन थांबला. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. “हे स्लाइडवर टाकू?” म्हणाला. टाक म्हटलं, दोन्ही टाक, शेजारी शेजारी. एक्स्टर्नलनी तोंडी परीक्षेत त्याच स्लाइडवर सर्वाधिक वेळ घेतला.

सातव्या सेमिस्टरमध्ये त्याने स्वतःसाठीही एक छोटं ॲप लिहिलं होतं. दिवसातून पाच वेळा तोच प्रश्न, मराठीत, पर्याय मात्र ओळीने लावलेले, ‘मस्त’पासून ‘पार वाट लागलीय’पर्यंत. प्रोजेक्ट संपल्यावर त्याने मला त्याचा आलेख दाखवला. ऑगस्टमध्ये ठिपके दाट, दिवाळीच्या सुट्टीत तुरळक, नंतर पुन्हा दाट. आणि सबमिशनच्या आठवड्यात एकही ठिपका नाही.

“ॲप बंद पडलं होतं का?” मी विचारलं.

“नाही मॅडम. नोटिफिकेशन मीच बंद केलं होतं.”